धुराची वाट

घरोघरीं मातीच्या चुली, असें आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलों आहों. पण त्या चुलींचा धूर कोणत्या वाटेनें बाहेर जातो याची चौकशी आपल्या म्हणींनीं कधीं केलेली दिसत नाहीं. कारण उघड आहे. आपल्या जुन्या घरांत धुरासाठीं निराळी वाट अशी बहुधा नव्हतीच. देशावरच्या धाब्याच्या घरांना छपरांत एक साणें ठेवीत. त्यांतून थोडा उजेड आंत येई व थोडा धूर बाहेर जाई. कौलारू घरांत तेवढेंहि नसे. नळीच्या कौलांच्या असंख्य फटींतून धूर आपला आपण झिरपत असे, आणि पावसाळ्याच्या सकाळीं दुरून पाहणाराला सबंध गांवच उसासे टाकीत आहे असें वाटे. त्या धुरानें वांसे काळे होत, पण त्यांना कीड लवकर लागत नाहीं, असें म्हणून जुनीं माणसें त्याचें समर्थनहि करीत. डोळे मात्र बायकांचे जात. धुराडें ही वस्तु आपल्याकडे रूढ झाली ती बहुतकरून साहेबाच्या बंगल्याबरोबर, रेल्वेबरोबर आणि गिरण्यांबरोबर. आणि म्हणूनच कीं काय, तिच्या स्वभावाविषयीं आपणांस अद्यापि फारशी माहिती नाहीं, असा माझा समज आहे.

हें सारें मी इतक्या आस्थेनें लिहितों याला कारण आमच्या घरची दगडी कोळशाची शेगडी. आमचें घर चंद्रपूर जिल्ह्यांत, वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळशाच्या पट्ट्यांत आहे. एकोणिसाव्या शतकांत वरोऱ्यास खाण निघाली; पुढें बल्लारपूर, घुग्घुस, माजरी अशीं खाणींचीं गांवें वाढत गेलीं; आणि या भागांतल्या सामान्य संसाराला लांकडापेक्षां कोळसा जवळचा झाला. माझे आजोबा रेल्वेंत होते. त्यांनीं स्वयंपाकघरांत कमरेइतक्या उंचीची विटांची शेगडी बांधून घेतली, तिच्यावर लिलांवांत मिळालेला बिडाचा जाड पत्रा बसविला, पुढें लोखंडी दार, आंत जाळी, जाळीखालीं राखेचा खण, आणि मागें भिंतीला लागून नऊ इंची चौकोनी पोकळीचें, अठरा फूट उंचीचें विटांचें धुराडें. शेगडीपासून धुराड्यापर्यंत एक पत्र्याचें नळकांडें जातें आणि त्या नळकांड्यांत एक गोल झडप आहे. तिचा दांडा फिरविला कीं वाट कमीजास्त करतां येते. या झडपेची ओळख वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याशीं पुढें काम आहे.

घरीं गॅस येऊन चाळीस वर्षें होऊन गेलीं. चहापासून पुरणापर्यंत सर्व त्याच्यावर होतें. पण पौषांत आमच्याकडे रात्रीं पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि तेव्हां आंघोळीचें पाणी, सकाळच्या भाकरी आणि ऊब या तीन गोष्टींसाठीं ही शेगडी पेटते. ती पेटवितात आमच्या आत्याबाई. त्यांचें वय एक्याऐंशी. शेगडीजवळच त्यांची खाट असते, आणि कार्तिकापासून माघापर्यंत त्यांचा मुक्काम तेथून हलत नाहीं.

आमच्या भागांतला कोळसा हा कांहीं उंची माल नव्हे. त्यांत शेंकडा तीस-चाळीसपर्यंत राख असते. ताजा कोळसा विस्तवावर पडला कीं प्रथम त्यांतले डांबरट वायु सुटतात आणि पिवळसर करडा, घशाला चावणारा धूर लोटतो. पाश्चात्य देशांत ॲन्थ्रासाइट म्हणून जो कोळसा घरांत जाळीत, तो निळसर ज्योतीनें जवळजवळ निर्धूर जळतो. त्या कोळशाच्या मालकाला आमच्या कोळशाचा स्वभाव समजावयाचा नाहीं. आत्याबाई मात्र तो पुरा ओळखून आहेत. नवा कोळसा त्या कधींहि सगळ्या विस्तवावर पसरीत नाहींत. सळईनें लाल निखारे मागें सारतात, पुढच्या मोकळ्या जागेंत नवे खडे घालतात आणि दार किंचित् किलकिलें ठेवतात. म्हणजे नव्या कोळशाचे वायु निखाऱ्यांवरून जातांजातां पेट घेतात आणि धुराऐवजीं ज्वाला होऊन निघून जातात. भट्ट्यांवर काम करणाऱ्यांना हीच युक्ति शिकवितात. आत्याबाईंना ती कोणीं शिकविली, हें त्यांनाहि ठाऊक नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें घराचा जीर्णोद्धार केला. कौलें गेलीं आणि सिमेंटचें छत आलें. लांकडी खिडक्यांच्या जागीं ॲल्युमिनियमच्या चौकटींतल्या सरकत्या कांचा आल्या. त्यांच्या कडांना रबराच्या पट्ट्या. न्हाणीघरांत हवा बाहेर फेंकणारा पंखा बसला. कोळशाच्या गांवांत राहणाराला धुळीचा जाच काय असतो तें सांगावयास नको. पूर्वीं सकाळीं देवांवरची काळी भुकटी फुंकून मग पूजा करावी लागे. ती भुकटी बंद झाली आणि सगळ्यांना धन्य वाटलें. त्याच हिवाळ्यांत शेगडीचा धूर घरांत येऊं लागला.

धुराडें तेंच, कोळसा तोच, पेटविणारा हातहि तोच. मग धुरानेंच आपली वाट कां बदलावी? या प्रश्नावर आमच्या घरांत जितकीं माणसें तितकीं मतें झालीं. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, धुराडें लहान पडतें, मोठें करून टाकूं." शेजारच्यांच्या मतें कोळशांत खोट होती. पुतण्याचा विचार धुराड्याच्या तोंडावर विजेचा पंखा बसविण्याचा होता. सूनबाई स्पष्टवक्त्या आहेत. त्यांनीं शेगडी पाडून तेथें धुण्याचें यंत्र ठेवावें असें सुचविलें, आणि खरें सांगावयाचें तर त्यांचें म्हणणें अगदीं निराधार नव्हतें. कारण आत्याबाईंचा खोकला वाढला होता. सकाळीं उठल्या कीं त्यांचें डोकें दुखे, कधीं मळमळे. डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, चष्म्याचा नंबर बदलला. दुपारीं त्या देवळांत जाऊन आल्या कीं डोकें उतरे, आणि त्याचें श्रेय देवीला मिळे. आतां शेगडी काढावयाची म्हटली तर त्यांचा हिवाळा कसा जावयाचा? विजेची सळई त्यांच्या खाटेशीं ठेवून पाहिली. "हिला ऊब आहे, पण हिच्याशीं बोलतां येत नाहीं," असें म्हणून त्यांनीं ती परत पाठविली.

भौतिकशास्त्र शिकविण्यांत माझीं चौतीस वर्षें गेलीं आहेत. धुराड्याचें चित्र मीं फळ्यावर किती वेळां काढलें असेल याची गणती नाहीं. तेव्हां हें प्रकरण माझ्याकडे आलें यांत नवल नव्हतें.

धुराडें धूर ओढतें, असें आपण म्हणतों. खरें पाहतां धुराडें कांहींच ओढीत नाहीं. तागडीच्या एका पारड्यांत धुराड्याच्या पोकळींतला तापलेला वायु घाला आणि दुसऱ्या पारड्यांत तेवढ्याच उंचीचा बाहेरच्या थंड हवेचा खांब घाला. तापलेला वायु हलका, थंड हवा जड. जड पारडें खालीं जातें आणि हलकें वर उचललें जातें. इतकेंच काय तें. बाहेरची थंड हवा शेगडीच्या तोंडांतून आंत शिरते आणि धुराला वर ढकलते. हें बळ तरी किती असावें? एक घनमीटर साध्या हवेचें वजन सुमारें १.२ किलो असतें; दीडशें अंशांपर्यंत तापलेल्या हवेचें सुमारें ०.८ किलो. आमच्या साडेपांच मीटर उंचीच्या धुराड्यांत एवढ्या फरकानें जो दाब उत्पन्न होतो, तो दोन मिलिमीटर खोल पाण्याच्या थराच्या भाराइतका भरतो. ताटांत दोन मिलिमीटर पाणी ओतून पाहावें, म्हणजे घरांतला सगळा धूर कोणाच्या जिवावर बाहेर जातो याची कल्पना येईल.

आणि ढकलणारी हवा बाहेरून आली पाहिजे, ही यांतली मुख्य गोष्ट. आमच्यासारखा राखट कोळसा एक किलो जाळावयाचा तर व्यवहारांत आठदहा घनमीटर हवा खर्चीं पडते. चार किलो कोळसा जाळला म्हणजे स्वयंपाकघरांतली सगळी हवा एकवार धुराड्यांतून निघून जाते. तिच्या जागीं दुसरी येणार कोठून? पूर्वीं ती कौलांतून, खिडक्यांच्या फटींतून, उंबऱ्याखालून येत असे. आतां त्या वाटा रबराच्या पट्ट्यांनीं बंद केल्या होत्या. आंतली हवा विरळ होऊं लागली कीं बाहेरची हवा जेथून मिळेल तेथून आंत येणार, आणि सगळ्या घरांत मोकळें असें एकच भोक उरलें होतें, तें धुराड्याचें. न्हाणीघरांतला पंखा सुरू झाला कीं मग विचारावयासच नको. तसल्या पंख्याचा जोर त्या दोन मिलिमीटर पाण्याच्या बळाला सहज भारी पडतो. कोणी आंघोळीला गेलें कीं शेगडी धुमसते, ही गोष्ट सूनबाईंच्या ध्यानांत आली होती. तिचा अर्थ मात्र कोणी लावला नव्हता.

या बाबतींत मला जुन्या पंडितांत बेंजामिन फ्रँकलिन जितका उपयोगी पडला तितका दुसरा कोणी नाहीं. १७८५ सालीं, वयाच्या एकुणऐंशीव्या वर्षीं, युरोपांतून अमेरिकेस परत जातांना या गृहस्थानें जहाजावर बसून धुरकट धुराड्यांचीं कारणें व उपाय यांवर एक लांबलचक पत्र लिहिलें. तें व्हिएन्नाच्या दरबारचे वैद्य यान इंगेनहाउस यांना होतें. त्यांत त्यानें नऊ कारणें दिलीं आहेत, आणि त्यांतलें पहिलेंच कारण नव्या, घट्ट बांधणीच्या घरांत हवेला वाट नसणें हें आहे. सुताराचें काम जितकें चांगलें तितका धूर अधिक! त्यानें सांगितलेली परीक्षाहि मोठी सोपी आहे. शेगडी चांगली पेटवावी, सर्व दारेंखिडक्या लावाव्यात आणि धूर येऊं लागला कीं एक दार हळूहळू किलकिलें करीत जावें. धूर ज्या क्षणीं थांबेल तेथें दार थांबवावें आणि फट मोजावी. त्या फटीचें क्षेत्रफळ तेंच त्या शेगडीला लागणाऱ्या वाटेचें क्षेत्रफळ. आम्हीं ही परीक्षा केली. पुतण्यानें दार धरलें, मी शेगडीपाशीं बसलों. पाऊण इंच दार उघडल्याबरोबर धुराची लोळी एकदां घुटमळली आणि जणूं कोणीं आंतून हांक मारली अशी मागें वळली. आमचें दार साडेसहा फुटांचें; म्हणजे हिशेब सुमारें साडेअठ्ठावन चौरस इंचांचा झाला. साडेसात इंचांहून किंचित् मोठें चौकोनी भोक पाडलें म्हणजे काम भागणार होतें.

मिस्त्रीला हें पटावयास वेळ लागला. धूर बाहेर घालविण्यासाठीं भिंतीला खालीं भोक पाडा, असें सांगणारें गिऱ्हाईक त्याला पूर्वीं भेटलें नसावें. धुराडें मोठें करण्याची त्याची सूचना मीं मान्य केली नाहीं. मोठ्या पोकळींत धूर लवकर थंड होतो, आणि थंड झालेल्या धुराला वर जाण्याची घाई राहत नाहीं. काउंट रम्फर्डनें १७९६ सालीं विलायतेंतल्या शेंकडों धुरकट दिवाणखान्यांवर उपाय केला तो मुख्यतः धुराड्याचा घसा चार इंचांपर्यंत अरुंद करून. त्याच्याहि काळीं गवंड्यांचा समज उलटाच होता. मात्र आमच्या मिस्त्रीविषयीं मला अनुदार होतां येत नाहीं, कारण पुढची गोष्ट त्यानेंच शोधून काढली.

नळकांडें जेथें विटांच्या धुराड्यांत शिरतें तेथें एक बोट जाईल एवढी भेग होती, आणि बाहेरच्या बाजूनें धुराड्याचे सांधे तीन ठिकाणीं उघडे पडले होते. "येथून धूर गळतो," असें आम्हीं सर्वांनीं मानलें होतें. मिस्त्रीनें देवघरांतली एक उदबत्ती मागून घेतली, पेटविली आणि त्या भेगेशीं धरली. उदबत्तीचा धूर बाहेर फेंकला न जातां सरळ भेगेंत शिरला. मिस्त्री हंसून म्हणाला, "गुरुजी, हें गळत नाहीं, हें पितें."

त्याच्या त्या चार शब्दांत फार मोठें तत्त्व आहे. धुराड्याची ओढ चालू असतांना त्याच्या आंतला दाब बाहेरच्यापेक्षां कमी असतो, म्हणून भेगेंतून धूर बाहेर न येतां थंड हवाच आंत शिरते. ती आंतल्या तापलेल्या वायूला थंड करते, त्याला जड करते, आणि शिवाय निखाऱ्यांतून जी हवा यावयाची तिचा वांटा आपण खाते. अशा रीतीनें वर गळती असली कीं खालीं ओढ मंदावते; आणि ओढ पुरती मंदावली कीं मग तीच भेग खरोखर धूर ओकूं लागते. गळणें आणि न ओढणें हे दोन रोग वाटतात, ते बहुधा एकाच रोगाचे दोन पाय असतात. म्हणून सांधे लिंपण्याचें काम केवळ नीटनेटकेपणाचें नव्हे. आम्हीं भट्टीची माती आणली. या भागांत ती दुर्मिळ नाहीं, भद्रावतीचें मातीकाम प्रसिद्धच आहे. ती बारीक वाळूंत कालवून पातळ थरांनीं भेगा भरल्या, एकेक थर वाळूं दिला, मग पुढचा दिला. नुसत्या सिमेंटनें भरलेली भेग पहिल्याच विस्तवाला पुन्हां उकलते, कारण तापलेलें लोखंड वाढतें आणि सिमेंट त्याच्याबरोबर वाढत नाहीं. शेगडीच्या दाराच्या कडेनें कांचतंतूची दोरी बसविली. दारांत कागदाचा कपटा धरून दार लावावें आणि कपटा ओढून पाहावा. सहज सुटला तर तेथें दोरी बसलेली नाहीं. नळकांड्याच्या कोपरांतून तीन घमेलीं काजळी निघाली, आणि धुराड्याच्या तळाशीं साळुंकीचें एक सबंध घरटें. तें मात्र रिकामें होतें, हें आत्याबाईंनीं स्वतः येऊन पाहिलें.

भोक पाडलें, त्याला उंदीर येऊं नये म्हणून जाळी लावली. पंखा चालू असेल तेव्हां न्हाणीघराची वरची झडप उघडी राहील अशी तजवीज केली. आणि शेगडी पेटविण्यापूर्वीं धुराड्याच्या खालच्या खिडकींत वर्तमानपत्राचा एक बोळा जाळण्याचा नियम केला. रात्रभर गार पडलेल्या धुराड्यांत थंड हवेचा खांब बसलेला असतो. तो प्रथम हलवावा लागतो. आमच्या वैशाखांत तर याहून चमत्कार असतो. बाहेर पंचेचाळीस अंश आणि जाड भिंतींच्या आंत छत्तीस, अशा दुपारीं रिकाम्या धुराड्यांतून वारा वरून खालीं वाहतो आणि काजळीचा वास घरभर पसरतो. सूर्य कलला कीं तोच वारा दिशा बदलतो. उन्हाळ्यांत धुराड्याचा वारा दिवसा उतरतो आणि रात्रीं चढतो, हें फ्रँकलिननें १७५८ सालच्या एका पत्रांत नोंदून ठेवलें आहे. चंद्रपूरचा उन्हाळा त्यानें पाहिला असता तर काय लिहिलें असतें कोण जाणे.

मार्गशीर्ष निर्धूर गेला. सूनबाईंनीं धुण्याच्या यंत्राची गोष्ट काढली नाहीं. आत्याबाईंचा खोकलाहि बसला. पण पौष लागला, थंडी वाढली, आणि त्यांचें सकाळचें डोकें पुन्हां दुखूं लागलें.

येथें मला थोडें थांबून एका अदृश्य वस्तूविषयीं लिहिलें पाहिजे. धूर हा दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणसाला खोकवून बाहेर काढतो. त्या मानानें तो सरळ शत्रु म्हणावयाचा. पण कोळशाचा धूर संपून लाल निखारे उरले, म्हणजे हवा कमी पडल्यास त्यांतून जो कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो, त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. रक्तांतल्या ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटावयाचा, त्याला हा वायु प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते. आणि झोंपलेल्या माणसाला यांतलें कांहींच न कळतां तो झोंपेंतच जातो. खाणींतल्या माणसांना हा वैरी फार जुना. १८९६ सालीं जॉन स्कॉट हॉल्डेन यानें विलायतेंतल्या कोळशाच्या खाणींतील स्फोटांत मेलेल्यांची पाहणी करून दाखवून दिलें, कीं त्यांतले पुष्कळसे स्फोटाच्या दणक्यानें मेले नसून मागाहून पसरलेल्या या वायूनें मेले होते. त्याच्याच सूचनेवरून खाणींत लहान प्राणी नेण्याची चाल पडली. कॅनरी पक्षी तर विलायतेंतल्या खाणींत १९८६ सालापर्यंत होते. पक्षी माणसाच्या आधीं कोसळतो, म्हणून माणसाला पळावयास अवसर मिळतो. आपल्याकडे दर हिवाळ्यांत बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलींच नाहींत, अशा बातम्या वर्तमानपत्रांच्या आंतल्या पानांवर येतात. त्या वाचतांना पुष्कळांना वाटतें कीं धुरानें घुसमटून मेलीं असावींत. बहुतेक ठिकाणीं धूर मुळींच नसतो. धूर संपला म्हणूनच तर शेगडी आंत घेतलेली असते.

आतां वाचकांना त्या झडपेची आठवण करून देतों. रात्रीं नऊ वाजतां धूर संपून निखारे लाल झाले, कीं आत्याबाई वरून ओली कोळशाची भुकटी पसरीत, विस्तव निजवीत, आणि झडपेचा दांडा फिरवून वाट पूर्ण बंद करीत. ऊब बाहेर जाऊं नये म्हणून. चाळीस वर्षें त्यांनीं हेंच केलें आणि चाळीस वर्षें त्यांना कांहींहि झालें नाहीं, कारण डोक्यावर कौलें होतीं. जें वर जाई तें कौलांतून निघून जाई. घर बदललें होतें. रीत बदलण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नव्हतें.

पुतण्यानें नागपुराहून या वायूची सूचना देणारी एक लहानशी पेटी आणली व आत्याबाईंच्या खाटेशेजारीं टांगली. तिसऱ्या रात्रीं पहांटे साडेचारला ती कर्कश ओरडूं लागली. आम्ही धांवलों. खोलींत धुराचा मागमूस नव्हता. हवा स्वच्छ दिसत होती, शेगडीवर हात शेकावा अशी ऊब होती. आत्याबाईंना हांक मारली तर त्यांनीं डोळे उघडले, पण उत्तर द्यावयास त्यांना वेळ लागला. आम्हीं त्यांना खाटेसकट ओसरीवर आणलें. तो वेळ मला फार लांब वाटला. मग त्या म्हणाल्या, "काहून रे, एवढ्या थंडींत बाहेर कां आणलें?" तेव्हां सूनबाई रडावयास लागल्या. त्याच सकाळीं त्यांना इस्पितळांत नेऊन नळीनें प्राणवायु दिला, आणि संध्याकाळीं त्या घरीं आल्या.

परत येऊन शेगडी तपासली तेव्हां झडप घट्ट बंद होती, आणि भिंतीच्या भोकांत एक जुनें लुगडें नीट घडी करून कोंबलेलें होतें.

"आत्याबाई, हें काय?" मीं विचारलें.

"पायांना वारा लागतो त्याचा."

"पण त्या वाऱ्यावरच शेगडी जगते."

"शेगडी जगते, मी गारठून मरतें," त्या म्हणाल्या. "धूर होता तोंवर मीं झडप लावली का? धूर संपला, मग उघडी ठेवून ऊब कोणाला द्यावयाची, शेजाऱ्याला?"

या बोलण्यांत त्यांच्या बाजूनें कोठेंहि असंबद्धता नव्हती. धूर तोच धोका, असें ज्यांच्या डोळ्यांनीं सत्तर वर्षें शिकविलें, त्यांना धूर नसतांना धोका आहे हें कोणत्या पुराव्यानें पटवावें? मीं हॉल्डेन सांगून पाहिला. तो त्यांनीं ऐकून घेतला. कॅनरी पक्ष्याची गोष्ट मात्र त्यांनीं दोनदां विचारली. "पक्ष्याला कळतें आणि माणसाला कळत नाहीं?" असें म्हणून त्या बराच वेळ त्या टांगलेल्या पेटीकडे पाहत राहिल्या. हल्लीं त्या तिला साळुंकी म्हणतात.

पण पायांना वारा लागतो ही तक्रार खोटी नव्हती, आणि ज्या दुरुस्तीनें माणूस गारठतें ती दुरुस्ती माणूस कोंबून बंद करणारच. आमच्या जिल्ह्याशेजारीं वर्ध्याच्या मगनवाडींत १९४० च्या दशकांत धूर नळीवाटे बाहेर नेणारी मगन चूल तयार झाली. पुढें १९८३ पासून सरकारनें सुधारलेल्या चुलींचा देशभर कार्यक्रम काढला. पण त्यांतल्या पुष्कळ चुली कांहीं काळानें वापरांतून गेल्या, नळ्या काजळीनें तुंबून राहिल्या. ज्या बाईला ती चूल रोज पेटवावयाची, तिच्या सोयीगैरसोयीची विचारपूस जेथें झाली नाहीं तेथें असें होणें साहजिक होतें, असें मला त्या लुगड्याची घडी उलगडतांना वाटलें.

मग लोहाराला बोलाविलें. बाहेरच्या भोकापासून एक सहा इंची नळ जमिनीलगत नेऊन राखेच्या खणांत सोडला, आणि उरलेली वाट खाटेच्या विरुद्ध बाजूला, छताजवळ काढली. आतां थंड वारा पायांवरून न जातां बहुतेक सगळा जाळीखालून निखाऱ्यांत शिरतो. झडपेच्या गोल पत्र्याची एक पाव फांक लोहारानें कापून टाकली. दांडा कितीहि फिरविला तरी तेवढी वाट उघडी राहतेच; झडप लावल्याचें समाधान मात्र पुरें मिळतें. विस्तव निजवून ठेवण्याची चाल आत्याबाईंनीं सोडलेली नाहीं, पण खाट पलीकडच्या खोलींत नेऊं दिली, आणि साळुंकी तेथेंहि टांगलेली आहे. त्यानंतर त्यांचें डोकें दुखलें नाहीं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. आमच्या पश्चिमेस शेजाऱ्यांनीं तीन मजली इमारत उठविली आहे. तिकडून जोराचा वारा सुटला कीं तो त्या उंच भिंतीवरून आमच्या धुराड्याच्या तोंडांत कोसळतो, आणि अशा दिवशीं शेगडी दोनचार वेळां धुराची गुळणी टाकते. धुराडें तिच्याइतकें उंच नेणें शक्य नाहीं. तोंडावर चारी बाजूंनीं आडोसा असलेली पत्र्याची टोपी बसवून पाहावयाची आहे. मिस्त्री होळीनंतर येतों म्हणाला आहे.